बुधवार राखून ठेवा

इंग्लंडमधल्या मराठी घरांत ए-लेव्हलच्या वयाचं मूल असलं की हल्ली डिग्री अप्रेंटिसशिपचा विषय निघतोच. लंडनच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला गेले की कुणीतरी काकू मला बाजूला घेतात आणि विचारतात, "फी खरंच भरावी लागत नाही का गं? आणि वर पगार? मग पदवी खरी असते ना?" मी सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगची अप्रेंटिसशिप २०१९ साली सुरू केली आणि पूर्ण केली. आज त्याच क्षेत्रात नोकरी करते. त्यामुळे काकूंच्या तिन्ही प्रश्नांना मी मनापासून होकार देते. पण त्याला जोडून एक गोष्ट सांगितल्याशिवाय त्यांना जाऊ देत नाही. या वाटेवर मूल आधी नोकरदार असतं आणि मग विद्यार्थी. शिकायला म्हणून राखलेला वेळ नियमानं त्याचा असतो, तरी तो त्याच्या वतीनं दुसरं कुणी राखत नाही.

आधी व्यवस्था समजून घ्या, कारण तिच्यातच पुढच्या अडचणींची मुळं आहेत. इंग्लंडमध्ये या अप्रेंटिसशिपा २०१५ पासून सुरू झाल्या. आमच्या क्षेत्रातला अभ्यासक्रम 'डिजिटल अँड टेक्नॉलॉजी सोल्युशन्स प्रोफेशनल' या नावानं ओळखला जातो. त्यातच सॉफ्टवेअर, डेटा, सायबर सुरक्षा, नेटवर्क अशा शाखा आहेत. एप्रिल २०१७ पासून ज्या कंपन्यांचं वर्षाचं पगारबिल ३० लाख पौंडांच्या वर आहे, त्यांना ०.५ टक्का 'अप्रेंटिसशिप लेव्ही' भरावी लागते. ही रक्कम अप्रेंटिसांच्या शिक्षणावर खर्च करता येते आणि ठरलेल्या मुदतीत वापरली नाही तर हातची जाते. विद्यापीठाची फी येते ती यातून. म्हणजे मुलाला घेताना कंपनी उपकार करत नसते. तिचा पैसा आधीच बाजूला पडलेला असतो आणि त्या पैशातून तिला माणूस घडवून हवा असतो. शिक्षणाच्या खर्चातला एक पौंडही अप्रेंटिसकडून मागायचा नाही, असा स्पष्ट नियम आहे. मधे नोकरी सोडली तरी फी वसूल करता येत नाही.

आमच्या घरी हा मार्ग निवडण्याचं कारण मात्र वेगळं होतं, आणि ते अनेक मराठी घरांना लागू पडेल. बाबा आयटीतल्या नोकरीसाठी वर्क व्हिसावर आले तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. ए-लेव्हल संपली तेव्हा आम्हाला कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळालेला नव्हता. अशा मुलांना इथली विद्यापीठं बहुतेक वेळा परदेशी विद्यार्थी धरतात. माझ्या वर्गमैत्रिणींना वर्षाला ९,२५० पौंड फी होती आणि ती भरायला सरकारी कर्ज मिळत होतं. मला फी त्याच्या कितीतरी पट आणि कर्ज नाही. अप्रेंटिसशिपचा नियम याहून सौम्य आहे. शिक्षणासाठी नव्हे तर अन्य कारणानं मिळालेल्या व्हिसावर सलग तीन वर्षं इथे रीतसर वास्तव्य झालं असेल आणि काम करण्याचा हक्क असेल, तर सरकारी निधी मिळू शकतो. शाळेच्या करिअर सल्लागारबाईंनी ही माहिती दिली नव्हती. आईनं सरकारी नियमावली स्वतः वाचून काढली. वर्क व्हिसावर आलेल्या आई-बाबांनी हे मूल अकरावीच्या वयाचं असतानाच तपासून घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तारखांचा हिशेब थोडक्यासाठी चुकला की वर्ष जातं. आणि भारतातून थेट स्टुडंट व्हिसावर येऊन ही अप्रेंटिसशिप करता येत नाही. तसं कुणी एजंट सांगत असेल तर त्याला पैसे देऊ नका.

पुण्यात आजोबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प झाले. ते स्वतः टेल्कोत अप्रेंटिस म्हणून लागले होते आणि तिथूनच निवृत्त झाले. नातीनं विद्यापीठात जावं, कारखान्याच्या दारातून नव्हे, असं त्यांना वाटत असावं. मग त्यांनी एकच विचारलं, "शिकवणारा माणूस कोण आहे?" पुढे मुलाखतीला जाणाऱ्या प्रत्येक मुलाला मी हाच प्रश्न विचारायला सांगू लागले.

पहिले काही महिने फार चांगले गेले. आठवड्याचे चार दिवस ऑफिस आणि बुधवारी विद्यापीठ, अशी आमची रचना होती. काही ठिकाणी दर आठवड्याला विद्यापीठ नसतं, त्याऐवजी दर सत्रात एक-दोन आठवडे सलग तिथे राहायचं असतं. आमच्या टीममध्ये ग्राहकांच्या ऑर्डरी दाखवणारा एक जुना स्क्रीन होता. तो उघडायला इतका वेळ लागायचा की मदत-केंद्रातली माणसं तोवर फोनवर हवापाण्याच्या गप्पा मारत. एका बुधवारी डेटाबेसच्या तासाला इंडेक्स कसा काम करतो ते शिकले. सर्व ओळी वरपासून खालपर्यंत न चाळता नेमकी ओळ कशी सापडते, इंडेक्स ठेवल्यामुळे नवी नोंद लिहिताना किती जास्त काम पडतं, आणि म्हणून तो ऊठसूट का ठेवायचा नाही, हे सगळं त्यात आलं. गुरुवारी सकाळी मी तो स्क्रीन कोणती क्वेरी चालवतो ते पाहिलं. ज्या रकान्यावर शोध चालला होता त्यावर इंडेक्सच नव्हता. माझ्या शेजारी बसणाऱ्या ज्येष्ठ इंजिनिअरनं मला क्वेरी प्लॅन वाचायला शिकवलं, आणि चाचणीच्या सर्व्हरवर आधी आणि नंतर मोजायला लावलं. मग माझी पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधल्या बदलाचा प्रस्ताव, त्यानं ओळ न् ओळ तपासली. नुसत्या विद्यापीठात ही गोष्ट परीक्षेच्या उत्तरापुरती राहिली असती. नुसत्या नोकरीत 'इंडेक्स टाक, वेग वाढतो' एवढंच कळलं असतं. दोन्हीकडचं ज्ञान एका आठवड्यात एकमेकांना भेटतं, ही या शिक्षणाची खरी श्रीमंती आहे. पुढे जे सावधगिरीचं सांगणार आहे, ते हे सुख वाचवण्यासाठीच.

मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला. विद्यापीठ ऑनलाइन गेलं, ऑफिसही. दोन्ही माझ्या झोपायच्या खोलीतल्या एकाच टेबलावर, एकाच लॅपटॉपवर आली. पूर्वी बुधवारी मी रेल्वेनं दुसऱ्या गावी जात असे, त्यामुळे कुणी मला काही विचारत नसे. आता लेक्चर चालू असताना खाली कोपऱ्यात कंपनीच्या चॅटचा ठिपका चमकायचा. 'दोन मिनिटं आहेत का?' 'फक्त स्टँड-अपला ये, मग जा.' 'रिलीज आज आहे, एवढा बग बघतेस?' यातला एकही माणूस वाईट नव्हता. टीममधले दोघं सोडून गेले होते आणि त्यांच्या जागा भरल्या नव्हत्या. स्प्रिंटचं, म्हणजे कामाच्या पुढच्या टप्प्याचं, नियोजन करताना माझे पाच दिवस धरले जात, चार नव्हे, आणि मग बुधवार आपोआप कर्जात जायचा. काही महिन्यांत लेक्चरची रेकॉर्डिंग रात्री बघणं आणि असाइनमेंट शनिवार-रविवारी लिहिणं हीच माझी पद्धत होऊन बसली. कामात शाबासकी मिळत होती, म्हणून सगळं ठीक आहे असंच सगळ्यांना दिसत होतं. विद्यापीठातले गुण मात्र उतरत होते.

इथे नियम काय आहे तो नीट ऐका. अप्रेंटिसच्या पगारी वेळेतला ठरावीक भाग 'ऑफ-द-जॉब' शिक्षणाला द्यावाच लागतो. माझ्या वेळी तो कामाच्या तासांच्या किमान २० टक्के होता. ऑगस्ट २०२२ नंतर सुरू करणाऱ्यांसाठी तो आठवड्याला सरासरी ६ तास झाला, आणि २०२५ च्या ऑगस्टपासून प्रत्येक अभ्यासक्रमाला एकूण किमान तास ठरवून दिले आहेत. लेक्चर, असाइनमेंट, दुसऱ्या टीमसोबत बसून नवं काही शिकणं, हे सगळं त्यात धरता येतं. रोजचं नेहमीचं काम धरता येत नाही. आणि रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी केलेला अभ्यासही धरता येत नाही, जर त्याच्या बदल्यात पगारी वेळ दिला नसेल. म्हणजे माझे शनिवार-रविवार या हिशेबात नव्हतेच. कंपनी नियम पाळत नव्हती आणि कागदावर ते कुठेच उमटत नव्हतं, कारण तासांची नोंद ठेवायचं काम माझ्याकडेच होतं आणि असाइनमेंटचे तास मी इमानेइतबारे लिहून देत होते.

दर तीन महिन्यांनी एक आढावा बैठक होते. अप्रेंटिस, लाइन मॅनेजर आणि विद्यापीठाचा ट्यूटर असे तिघं तिला असतात. मुलं ही बैठक औपचारिक समजतात, पण कंपनीच्या माणसासमोर विद्यापीठाचा माणूस बसलेला असण्याची ती एकमेव जागा आहे. आमच्या ट्यूटरनं बैठकीच्या आधी मला फोन करून एकच सूचना केली: तक्रार करू नकोस, कॅलेंडर दाखव. मी तेवढंच केलं. गेल्या काही आठवड्यांचे बुधवार स्क्रीनवर ठेवले, त्यात कोणत्या मीटिंगा होत्या आणि त्या दिवशी माझे किती कमिट गेले ते दाखवलं. मॅनेजरबाई बघतच राहिल्या. त्यांना हे एकत्र कधी दिसलंच नव्हतं. त्या दिवसापासून स्प्रिंटमध्ये माझे चार दिवस धरले जाऊ लागले, बुधवारी माझं चॅट बंद असेल हे टीमला लेखी कळवलं गेलं, आणि रिलीज बुधवारीच आली तर गुरुवार मला मोकळा मिळेल असं ठरलं. बोलून हे होतं. फक्त बोलायला पुरावा लागतो, आणि तो पहिल्या महिन्यापासून गोळा करावा लागतो. अठरा-एकोणीस वर्षांच्या आपल्या मुलांना मोठ्यांसमोर नाही म्हणायला जड जातं. घरात आपण तसंच वाढवलेलं असतं. म्हणून आई-बाबांनी 'साहेब म्हणतात तर कर गं' म्हणण्याआधी त्या आठवड्याचा बुधवार कुठे गेला, एवढं तरी विचारावं.

दुसरी खबरदारी कामाच्या स्वरूपाची. शेवटच्या मूल्यमापनाला बसण्याआधी ज्ञान, कौशल्य आणि वर्तन यांच्या लांबलचक यादीतली प्रत्येक गोष्ट तुम्ही प्रत्यक्ष कामात केली आहे, हे पुराव्यानिशी दाखवावं लागतं. तिसऱ्या वर्षी मला बराच काळ सपोर्टच्या पाळीवर टाकलं होतं. तिकिटं सोडवायची, लॉग वाचायचे, ग्राहकाला उत्तर द्यायचं. त्यातही शिकण्यासारखं खूप असतं. दुसऱ्याचा कोड वाचायला मी तिथेच शिकले. पण त्या यादीतले रचना, सुरक्षा आणि चाचण्या हे रकाने रिकामे राहत होते. अशा वेळी 'मला सपोर्ट नको' असं म्हणू नये. यादी समोर ठेवून कोणता रकाना कोणत्या कामातून भरेल ते विचारावं. मला एका टीमच्या सुरक्षा-तपासणीत आठवड्यातून काही तास बसवलं गेलं आणि तो प्रश्न सुटला. पुराव्याबद्दल एक व्यवहाराची गोष्ट: दर शुक्रवारी त्या आठवड्यात काय केलं, का केलं, कोणता पर्याय नाकारला आणि रिव्ह्यूमध्ये काय ऐकलं, हे चार ओळींत लिहून ठेवा. दोन वर्षांनी तो कोड तुमचाच आहे हे तुम्हालाही आठवणार नाही. आणि नोकरी गेली तर कंपनीच्या लॅपटॉपसोबत सगळे पुरावे जातात. म्हणून नोंदी विद्यापीठाच्या पोर्टफोलिओत ठेवा, गोपनीय काही न घेता.

शेवटच्या वर्षीचा प्रकल्प कंपनीच्या खऱ्या गरजेवर करायचा असतो. माझा प्रकल्प ज्या उत्पादनासाठी होता, ते उत्पादनच कंपनीनं पुनर्रचनेत बंद केलं, आणि त्यासोबत त्यातला डेटा वापरायची परवानगीही गेली. ट्यूटर आणि मॅनेजर यांनी मिळून मार्ग काढला. प्रश्न तोच ठेवला, डेटा कृत्रिम तयार केला, आणि तसं का करावं लागलं हे अहवालात मोकळेपणानं लिहिलं. परीक्षकांनी तोंडी परीक्षेत त्याच निर्णयावर सर्वांत जास्त प्रश्न विचारले. पण त्या काही आठवड्यांत आमच्या घरात कुणाला नीट झोप नव्हती. प्रकल्प निवडताना झगमगाट बघू नका. कंपनी जे बंद करू शकत नाही असं काही निवडा, मग ते अंतर्गत आणि कंटाळवाणं का असेना. डेटा आणि कोड अहवालात किती दाखवता येईल याची परवानगी लेखी घ्या, तीही सुरुवातीलाच.

त्याच पुनर्रचनेत माझ्यासोबत सुरू केलेल्या एका मुलाची नोकरी गेली. तो अभ्यासात माझ्यापेक्षा हुशार होता. अप्रेंटिस असल्यामुळे कुणी नोकरकपातीतून वाचत नाही, हे तेव्हा आम्हाला समजलं. यासाठीही नियम आहे आणि तो प्रत्येकानं पाठ करावा. अप्रेंटिसशिपचा ७५ टक्के भाग झाला असेल किंवा सहा महिन्यांहून कमी उरले असतील, तर नव्या मालकाशिवायही सरकारी निधीतून शिक्षण पुरं करता येतं. त्याआधी नोकरी गेली तर नवा मालक शोधायला १२ आठवडे मिळतात, आणि विद्यापीठानं त्यात मदत करायची असते. तो मुलगा ७५ टक्क्यांच्या पुढे होता, त्याची पदवी पूर्ण झाली. पण हे त्याला कपातीची बैठक घेणाऱ्या विभागाकडून कळलं नाही. आमच्या ट्यूटरनं सांगितलं. म्हणून ट्यूटरशी ओळख संकटाच्या आधी करून ठेवा.

लहानसहान गोष्टीही आहेत. वसतिगृह नाही, विद्यार्थ्यांची लांब उन्हाळी सुट्टी नाही. कायद्यानं किमान रजा बँक हॉलिडे धरून वर्षाला २८ दिवस. शाळेतल्या मैत्रिणी जूनमध्ये मोकळ्या होत तेव्हा मी रिलीजच्या गडबडीत असे. पुण्याला जायचं तर लग्न की दिवाळी, एकच निवडावं लागे. कौन्सिल टॅक्समध्ये पूर्णवेळ विद्यार्थ्याला मिळणारी सूट आठवड्याला १९५ पौंडांहून जास्त कमावणाऱ्या अप्रेंटिसला मिळत नाही. घराबाहेर राहणार असाल तर हे बजेटमध्ये धरा. एकटेपणावर मला एक उपाय सापडला: त्याच विद्यापीठात येणाऱ्या इतर कंपन्यांच्या अप्रेंटिसांशी दोस्ती. कोणत्या कंपनीत बुधवार पाळला जातो आणि कुठे नाही, हेही त्यातूनच समजतं.

म्हणून मुलाखतीला जाणाऱ्यांनी पगाराच्या आधी हे विचारावं. विद्यापीठाच्या दिवशी टीमच्या नियोजनात मला धरता का? माझा कोड कोण तपासेल, आणि तो माणूस बदलला तर पुढे कोण? तीन-चार वर्षांत किती टीम बघायला मिळतील? याआधीच्या अप्रेंटिसांपैकी कुणाशी मला बोलता येईल का? शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली, तर मी ती जागा घेणार नाही. पगार बघावा, पण किमान दर फार कमी असतो हे लक्षात ठेवून. एप्रिल २०२५ पासून पहिल्या वर्षाच्या अप्रेंटिसला तो तासाला ७.५५ पौंड होता. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या त्याहून बरंच जास्त देतात. कुणी किमानच देत असेल तर शिकवण्यावर ते किती खर्च करतील याचा अंदाज बांधावा.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी थोडं. पुण्यातला मावसभाऊ हल्ली मला याबद्दल विचारतो, कारण यूजीसीनं पदवीतच अप्रेंटिसशिप गुंफण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं आणली आहेत आणि महाविद्यालयं त्याची जाहिरात करू लागली आहेत. कल्पना चांगली आहे, मला तिच्याबद्दल आशा आहे. पण एक फरक त्याला आवर्जून सांगितला. इंग्लंडमध्ये अप्रेंटिस हा कर्मचारी असतो. भारतात १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याचं १८ वं कलम म्हणतं की अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. म्हणजे माझ्यापाशी जे हक्क कराराबरोबर आपोआप आले, ते तिथे करारात कलम न् कलम वाचून बघावे लागतील. विद्यावेतन किती, कुठल्या सत्रात काम, कामावर कोण शिकवणार, आणि मधे सोडलं तर श्रेयांकांचं काय, हे महाविद्यालयाकडून लेखी घे, असं त्याला सांगितलं. बाँड असेल तर वकिलाला दाखव, असंही.

इथल्या मुलांसाठी वेळापत्रक असं आहे. मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती शरद ऋतूतच सरकारी 'फाइंड अ‍ॅन अप्रेंटिसशिप' सेवेवर येऊ लागतात. काही जागा ख्रिसमसच्या आत भरतात, काही जुलैपर्यंत निघत राहतात. ही नोकरीची भरती आहे, त्यामुळे ऑनलाइन चाचण्या, व्हिडिओ मुलाखत आणि दिवसभराचं असेसमेंट सेंटर हे टप्पे येतात. युकासच्या, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाच्या अर्जातल्या, पाच पर्यायांत अप्रेंटिसशिप धरली जात नाही. म्हणून पाचही पर्याय जानेवारीच्या मुदतीत भरा आणि अप्रेंटिसशिपचे अर्ज त्याच्या बरोबरीनं चालू ठेवा. व्हिसावरच्या मुलांनी पहिला अर्ज करण्याआधी पासपोर्टवरच्या प्रवेशाच्या तारखेपासून तीन वर्षं मोजावीत, आणि व्हिसा केव्हा संपतो ते कंपनीला आधीच सांगावं. एचआरमधली माणसं हे विचारतातच, आणि कागद तयार असले की पुढचं बोलणं सोपं होतं.